जुन्या शिडनौकांच्या शर्यती : अपघात आणि सुरक्षेची शिस्त

सोलापूर जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. चिंचोळी औद्योगिक वसाहतीच्या परिसरातून दिसतात ती कारखान्यांची धुराडी, सोलापूर–पुणे महामार्ग आणि पलीकडची कोरडवाहू शेते. त्यामुळे आपल्या शाळेच्या स्मरणिकेत शिडाच्या नौकांच्या शर्यतींवरील लेख पाहून माजी विद्यार्थ्यांना व पालकांना आश्चर्य वाटणे स्वाभाविक आहे. तरीही हा विषय मी जाणीवपूर्वक निवडला आहे. या खेळात माणूस दगावला की त्याची चौकशी होते, अहवाल छापला जातो आणि पुढच्या वर्षीच्या नियमावलीत बदल होतो. मृत्यूपासून शिकण्याची ही पद्धत इतिहासाच्या अभ्यासकाला मोलाची वाटते. आपल्याही जिल्ह्याला तिची गरज आहे.

ही गरज फार दूरची नाही. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशीकडे निघालेली प्रवासी बोट उजनीच्या जलाशयात वादळी वाऱ्यात उलटली. बोटीत सातजण होते. एकजण पोहत काठावर पोचला, सहा जण बुडाले. मृतांमध्ये लहान मुलेही होती. उजनीच्या दोन्ही काठांवरील गावांना बोटीचा प्रवास हौसेचा नसतो. जलाशयाला वळसा घालून जाणारा रस्ता लांबचा असतो, म्हणून माणसे बोटीत बसतात.

हौसेने समुद्रात जाणाऱ्यांसाठी जगाने सुरक्षेची कोणती व्यवस्था उभी केली आणि गरजेने पाण्यावर जाणाऱ्यांपर्यंत त्यातील किती पोचली, हे या लेखात पाहावयाचे आहे.

जुनी शिडनौका म्हणजे काय?

शर्यतीच्या किंवा विहाराच्या हलक्या नौकेला इंग्रजीत ‘यॉट’ म्हणतात. या नौकांमध्ये जुन्या, अभिजात नौकांचा एक स्वतंत्र वर्ग मानला जातो. भूमध्य समुद्रातील शर्यतींचे नियम करणारी संस्था १९५० पूर्वी पाण्यात उतरलेल्या नौकांना ‘प्राचीन’ आणि १९५० ते १९७५ या काळातील नौकांना ‘अभिजात’ गटात धरते. फ्रान्समधील सेंट ट्रोपे, कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा अशा ठिकाणी त्यांच्या शर्यती दरवर्षी भरतात. लाकडी सांगाडा, उंच डोलकाठ्या, कापडाचा प्रचंड पसारा आणि दोर ओढायला भरपूर माणसे, असे या नौकांचे रूप असते. शंभर वर्षांपूर्वीची सुतारकला जिवंत राहावी हा या शर्यतींमागील हेतू आहे.

या परंपरेतील एका अत्यंत प्रसिद्ध नौकेचा जन्म मुंबईत झाला, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. तिचे नाव ‘सुहैली’. ब्रिटिश व्यापारी जहाजांवर नोकरी करणारे रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ती मुंबईत सागवानी लाकडात बांधून घेतली आणि १९६४ मध्ये ती पाण्यात उतरली. ती बांधणाऱ्या मुंबईच्या सुतारांच्या हाती जुनी हत्यारेच होती. हाताने चालवायच्या तासणीने त्यांनी फळ्या तासल्या आणि दोरीने फिरवायच्या गिरमिटाने भोके पाडली. सुमारे ३२ फूट लांबीच्या या नौकेचा आराखडा नॉर्वेच्या किनाऱ्यावरील बचावनौकांच्या घडणीवरून आलेला होता. वादळात मच्छीमारांना वाचवण्यासाठी जी नौका घडवली गेली, तिचाच हा वारसा.

१९६८ मध्ये लंडनच्या एका वृत्तपत्राने एकट्याने, न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची ‘गोल्डन ग्लोब’ शर्यत जाहीर केली. नऊ नाविक निघाले. कोणाची नौका मोडली, कोणी माघार घेतली, एकाची नौका बुडाली आणि डोनाल्ड क्रोहर्स्ट या नाविकाचा समुद्रातच अंत झाला. १४ जून १९६८ रोजी निघालेली ‘सुहैली’ मात्र २२ एप्रिल १९६९ रोजी इंग्लंडला परतली. नऊपैकी पूर्ण करणारी ती एकटीच. नॉक्स-जॉन्स्टन यांनी बक्षिसाचे पाच हजार पौंड क्रोहर्स्ट यांच्या कुटुंबाला देऊन टाकले. मुंबईच्या त्या अनाम सुतारांची नावे इतिहासात आली नाहीत, पण त्यांच्या हातचे काम जगाच्या तिन्ही दक्षिणी महासागरांतून सुखरूप परत आले.

अपघात कसे घडतात?

शिडाच्या नौकेला ब्रेक नसतो. वेग कमी करायचा तर शीड सोडावे लागते किंवा नौकेचे तोंड वाऱ्याकडे वळवावे लागते. दोन्हींना वेळ लागतो आणि नौका जितकी जड तितका तो वेळ वाढतो. अपघातांची बहुतेक कारणे या साध्या गोष्टीपाशी येऊन मिळतात.

पहिला प्रकार टक्करीचा. शर्यतीत नौका एकाच निशाणाभोवती वळतात, तेव्हा त्यांच्यातील अंतर काही हातांचेच उरते. ऑक्टोबर १९९५ मध्ये सेंट ट्रोपे येथील ‘निउलार्ग’ या शर्यतीत १९१५ साली बांधलेली ‘मारिएत’ ही विशाल नौका ‘ताओस ब्रेट’ नावाच्या छोट्या शर्यतनौकेवर आदळली. एक नौका टोकापासून टोकापर्यंत सुमारे ४० मीटर लांब, दुसरी तिच्या चौथ्या हिश्श्याएवढी. छोटी नौका बुडाली आणि तिच्यावरील एक नाविक मरण पावला. त्यानंतर ही शर्यत काही वर्षे बंद राहिली. १९९९ मध्ये ती नव्या नावाने पुन्हा सुरू झाली. महामार्गावर ऊस वाहणारा ट्रॅक्टर आणि दुचाकी एकाच पट्ट्यातून जाताना आपण जे भय रोज पाहतो, तेच भय येथे पाण्यावर असते.

दुसरा प्रकार माणूस नौकेवरून पडण्याचा. आकडेमोड केली की त्याचे गांभीर्य कळते. नौकेचा वेग सहा नॉट, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटर असेल, तर एका मिनिटात ती जवळपास १८५ मीटर पुढे जाते. लाटांमध्ये पाण्याबाहेर दिसते ते केवळ डोके. नौका वळवून परत येईपर्यंत ते दिसेनासे होते आणि रात्री तर ते दिसतच नाही. थंड पाण्यात हातपायांची शक्ती काही मिनिटांत ओसरते, त्यामुळे पट्टीचा पोहणाराही टिकत नाही. म्हणूनच नाविकाने कमरेला व खांद्यांना पट्टा बांधून तो नौकेवरील दोरीला अडकवून ठेवावा, असा नियम आहे. आपल्या वसाहतीत उंचावर काम करणारा कामगार जो सेफ्टी बेल्ट लावतो, त्याचाच हा भाऊ.

तिसरा प्रकार शिडाच्या आडव्या काठीचा. वारा अचानक दुसऱ्या बाजूने आला की शिडाच्या तळाची ही जड काठी सपकन या बाजूची त्या बाजूला जाते. वाटेत डोके असेल तर जीव जातो. जुन्या नौकांवर ही काठी लांब, भरीव आणि खाली असते, म्हणून तेथे धोका अधिक.

चौथा प्रकार नौका उलटण्याचा आणि डोलकाठी मोडण्याचा. नौकेच्या तळाशी शिशाचे किंवा लोखंडाचे मोठे वजन असते. वाऱ्याने नौका कलली तरी हे वजन तिला पुन्हा उभी करते. केवळ वाऱ्याने मोठी नौका सहसा पूर्ण उलटत नाही. बाजूने येऊन फुटणारी लाट मात्र तिला गडगडत लोटते. नौका पुन्हा सरळ होते, पण तोवर डोलकाठी मोडलेली असते आणि आतली माणसे भिंतींवर आपटलेली असतात. लाकडी नौकेत याखेरीज आणखी एक भय असते. लाटांच्या माराने फळ्यांच्या सांध्यांतील भरण निघते आणि पाणी आत शिरू लागते.

‘थुरिया’ आणि एका माणसाचा शोध

१९६८ च्या शर्यतीला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २०१८ मध्ये, ‘गोल्डन ग्लोब’ पुन्हा भरवण्यात आली. अट अशी की जुन्या घडणीच्याच छोट्या नौका वापरायच्या, दिशा शोधायची ती सूर्य व तारे पाहून, सेक्स्टंट या जुन्या उपकरणाने. भारतीय नौदलाचे कमांडर अभिलाष टॉमी या शर्यतीत उतरले. त्यांची नौका ‘थुरिया’ ही ‘सुहैली’चीच प्रतिकृती होती आणि ती गोव्यातील अ‍ॅक्वेरियस या जहाजबांधणी कारखान्यात बांधली गेली. हा कारखाना रत्नाकर दांडेकर यांचा. पूर्वी येथेच बांधलेल्या ‘म्हादेई’ नौकेतून कॅप्टन दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. असे करणारे ते पहिले भारतीय. पुढे २०१२–१३ मध्ये त्याच नौकेतून टॉमी यांनी कोठेही न थांबता प्रदक्षिणा पूर्ण केली.

१ जुलै २०१८ रोजी फ्रान्सच्या किनाऱ्यावरून शर्यत सुरू झाली. सप्टेंबरमध्ये टॉमी तिसऱ्या क्रमांकावर होते. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात भीषण वादळ उठले. वारा सुमारे ७० नॉट, म्हणजे ताशी १३० किलोमीटर, आणि लाटा १४ मीटरपर्यंत, चार मजली इमारतीइतक्या. ‘थुरिया’ संपूर्ण उलटली, पुन्हा सरळ झाली, पण तिची डोलकाठी मोडली होती आणि टॉमी यांच्या पाठीच्या कण्याला गंभीर इजा झाली होती. ते उठून उभे राहू शकत नव्हते. ऑस्ट्रेलियातील पर्थ बंदर तेथून सुमारे १,९०० सागरी मैल, म्हणजे साडेतीन हजार किलोमीटर दूर होते. सोलापूर ते दिल्ली हे अंतर दोनदा पार केले तरी तितके होणार नाही.

यानंतर जे घडले त्यासाठी हा लेख लिहावासा वाटला. पडलेल्या अवस्थेत टॉमी यांनी उपग्रहामार्फत लघुसंदेश पाठवले. त्यांची नौका कोठे आहे हे शर्यतीच्या कार्यालयाला आधीच ठाऊक होते, कारण प्रत्येक नौकेवर तिचे स्थान सतत कळवणारे यंत्र बसवलेले होते. ऑस्ट्रेलियाच्या बचाव केंद्राने सूत्रे हाती घेतली. भारतीय नौदलाने ‘आयएनएस सातपुडा’ ही युद्धनौका रवाना केली आणि मॉरिशसहून उडालेल्या नौदलाच्या पी-८आय विमानाने मोडलेल्या डोलकाठीची नौका शोधून काढली. याच वादळात आयर्लंडचे स्पर्धक ग्रेगर मॅकगकिन यांचीही डोलकाठी मोडली होती. तरीही त्यांनी तात्पुरते शीड उभारून टॉमी यांच्या दिशेने जाण्याचा प्रयत्न केला. अखेर २४ सप्टेंबर रोजी ‘ओसिरिस’ हे फ्रान्सचे मासेमारीवर देखरेख करणारे जहाज पोचले आणि टॉमी यांना स्ट्रेचरवरून उचलून घेण्यात आले. मॅकगकिन यांनाही त्याच जहाजाने घेतले.

एका माणसासाठी चार देशांची यंत्रणा तीन दिवस जागी राहिली. टॉमी यांच्या कण्यात टायटॅनियमच्या सळ्या बसवाव्या लागल्या. त्यांना पुन्हा चालायला शिकावे लागले. २०२२ मध्ये ते याच शर्यतीत परत उतरले आणि २९ एप्रिल २०२३ रोजी दुसऱ्या क्रमांकाने पोचले. पहिल्या आल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर. वाटेत त्यांनी आपली शर्यत थांबवून, नौका बुडाल्याने तराफ्यावर असलेल्या फिनलंडच्या तापिओ लेहतिनेन यांना वाचवले होते.

टॉमी यांचे धैर्य असामान्य होते, यात शंका नाही. परंतु त्यांना जिवंत परत आणले ते प्रामुख्याने त्या आधीच लागू असलेल्या नियमांनी. स्थान कळवणारे यंत्र, संपर्काचे साधन, आपत्संकेत देणारा बीकन, ठरलेल्या वेळी कार्यालयाला कळवण्याची सक्ती हे सारे शर्यतीत उतरण्याच्या अटींमध्ये होते. तो समुद्रात आहे, कोठे आहे आणि त्याच्याकडून संदेश आला नाही तर कोणी हालचाल करायची, हे किनाऱ्यावर लिहून ठेवलेले होते.

नियम कोठून आले?

हे नियम कोणाला एका रात्रीत सुचलेले नाहीत. त्यातील जवळपास प्रत्येकामागे बुडालेली माणसे आहेत.

ऑगस्ट १९७९ मध्ये इंग्लंड–आयर्लंड परिसरातील ‘फास्टनेट’ शर्यतीत ३०३ नौका उतरल्या. अनपेक्षित वादळात १५ स्पर्धक मरण पावले आणि चोवीस नौका नाविकांनी सोडून दिल्या. चौकशीत एक विलक्षण गोष्ट पुढे आली. सोडून दिलेल्या नौकांपैकी बहुतेक नंतर तरंगताना सापडल्या, तर ज्या रबरी तराफ्यांवर माणसे गेली त्यातील काही उलटले किंवा फाटले. तेव्हापासून नाविकांना शिकवले जाते की नौका खरोखर बुडू लागल्याशिवाय ती सोडू नये. कमरेचे पट्टे जेथे अडकवायचे ते कडे भक्कम असावे, आतील जड वस्तू बांधून ठेवाव्यात, संपर्कासाठी रेडिओ असावा, हे मुद्देही त्या दुर्घटनेनंतर पुढे आले.

डिसेंबर १९९८ मध्ये ऑस्ट्रेलियातील सिडनी–होबार्ट शर्यतीत ११५ नौका निघाल्या आणि ४४ पोचल्या. पाच बुडाल्या, सहा नाविक दगावले, ५५ जणांना हेलिकॉप्टर व जहाजांनी वाचवले. बुडालेल्यांत ‘विन्स्टन चर्चिल’ ही १९४२ मध्ये बांधलेली जुनी लाकडी नौका होती. १९४५ मध्ये ही शर्यत पहिल्यांदा भरली तेव्हा तिने त्यात भाग घेतला होता. तिचे नऊ नाविक दोन तराफ्यांत उतरले. एका तराफ्यावरील पाच जणांपैकी तिघांना लाटांनी ओढून नेले. या शर्यतीच्या न्यायालयीन चौकशीत हवामानाचा इशारा नाविकांना नीट समजेल अशा भाषेत दिला गेला का, हा प्रश्न ऐरणीवर आला. इशाऱ्यातील वाऱ्याचा वेग हा सरासरी असतो, झोत त्याहून पुष्कळ अधिक असू शकतो, हे अनेकांना ठाऊकच नव्हते. त्यानंतर समुद्रात जीव वाचवण्याचे प्रशिक्षण, प्रत्येकाच्या अंगावर आपत्संकेत यंत्र आणि नाविकांचा किमान अनुभव या गोष्टींवर भर आला.

आपत्संकेताची उपग्रहव्यवस्था हीदेखील याच काळातील. अमेरिका, सोव्हिएत रशिया, कॅनडा आणि फ्रान्स या चार देशांनी, शीतयुद्ध चालू असताना, ‘कोस्पास-सारसॅट’ ही संयुक्त यंत्रणा उभारली. १९८२ पासून तिने जीव वाचवायला सुरुवात केली. भारत या यंत्रणेचा भागीदार आहे आणि तिचे भारतीय नियंत्रण केंद्र बेंगळुरू येथे इस्रोकडे आहे.

परंपरेच्या नावाने

जुन्या नौकांच्या जगात सुरक्षेला एक वेगळाच विरोध असतो. पट्टा, फुगणारे जॅकेट, रेडिओ यांमुळे जुन्या नौकेचे रूप बिघडते, पूर्वजांनी यांशिवाय समुद्र ओलांडले, असे म्हणणारे थोडे नाहीत. फ्रान्सचे महान नाविक एरिक ताबार्ली कमरेचा पट्टा वापरण्याच्या विरुद्ध होते. जून १९९८ मध्ये ते आपल्या ‘पेन ड्युइक’ या शंभर वर्षे जुन्या नौकेतून स्कॉटलंडमधील जुन्या नौकांच्या मेळाव्याला निघाले होते. रात्री शीड बदलताना ते नौकेवरून पडले. सोबत्यांना ते पुन्हा दिसले नाहीत. आयुष्यभर समुद्रावर राहिलेला, शर्यती जिंकलेला माणूस असा गेला. अनुभव कितीही असो, तो पट्ट्याची जागा घेत नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून मला येथे एक भेद महत्त्वाचा वाटतो. जुनी कला जपणे ही एक गोष्ट आणि जुने धोके जपणे ही दुसरी. २०१८ च्या ‘गोल्डन ग्लोब’ने हा भेद पाळला. सेक्स्टंट वापरण्याची अट ठेवली, पण प्रत्येक नौकेवर सीलबंद पेटीत जीपीएस यंत्र दिले. संकटात पेटी उघडण्याची मुभा होती. कौशल्याची कसोटी राहिली आणि जीव पणाला लावण्याची सक्ती मात्र उरली नाही. परंपरेतील काय ठेवावे आणि काय टाकावे हे माणसाच्या जीवाच्या मोजमापाने ठरवावे लागते. इतर क्षेत्रांतही हेच मोजमाप लावायला हवे, हे सुज्ञ वाचकांना वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही.

आणि आपल्या पाण्यावर?

आता आपल्या किनाऱ्याकडे वळू. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेले ‘रामदास’ हे प्रवासी जहाज काश्याच्या खडकाजवळ बुडाले. सहाशेहून अधिक माणसे मरण पावली. बहुतेक कोकणातील कष्टकरी, सणासाठी गावी निघालेले. जहाज सकाळी बुडाले आणि मुंबईत बातमी पोचली ती कित्येक तासांनी, पोहत किनारा गाठलेल्यांकडून आणि मच्छीमारांकडून. मुंबई बंदरापासून काही मैलांवर सहाशे माणसे बुडाली, तरी शहराला पत्ता नव्हता. ‘थुरिया’वरील एकटा माणूस साडेतीन हजार किलोमीटरवर असूनही सापडला. या दोन घटनांमधील सत्तर वर्षांत तंत्रज्ञान बदलले हे खरे. परंतु फरक तेवढाच असता तर पुढील घटना घडली नसती.

१८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे जाणाऱ्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला नौदलाच्या वेगवान बोटीची धडक बसली. बोटीवर शंभरहून अधिक माणसे होती. पंधरा जणांचा मृत्यू झाला. अनेकांच्या अंगावर जीवरक्षक जॅकेट नव्हते. त्यानंतर तेथे प्रवाशांना जॅकेट घालणे सक्तीचे करण्यात आले. ज्या साधनाची किंमत काही शेकड्यांत असते, ते अंगावर येण्यासाठी पंधरा जीव जावे लागले.

कायदा नाही असे नाही. १९१७ चा जुना कायदा रद्द करून संसदेने २०२१ मध्ये अंतर्देशीय जलयान कायदा केला. नद्या व जलाशयांवरील यांत्रिक बोटींची नोंदणी, तपासणी, चालकाची पात्रता आणि जीवरक्षक साधने यांची तरतूद त्यात आहे. बिनयांत्रिक होड्यांचीही स्थानिक पातळीवर नोंद करावयाची आहे. प्रश्न अंमलाचा आहे. शर्यतीत नौकेची तपासणी झाल्याशिवाय तिला सुरुवातीच्या रेषेवर येऊच देत नाहीत. गावच्या काठावर ही रेषा कोण आखणार?

येथे बाबासाहेबांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते त्यांच्याकडे होते. देशातील नद्यांवरील नौकानयनाचा पाटबंधारे व वीज यांच्यासह एकत्र विचार करणारा केंद्रीय जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग १९४५ मध्ये त्यांच्याच खात्याने स्थापन केला. कामगाराच्या आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालणारी कारखाना कायद्यातील दुरुस्ती त्यांच्याच कारकीर्दीत आली. कामगाराची सुरक्षा ही मालकाच्या दयेवर न सोडता कायद्याने हक्क म्हणून द्यावी, ही त्यामागील भूमिका होती. चिंचोळीतील कारखान्यांत जे पालक आज काम करतात, त्यांना यंत्रावरचे संरक्षक कवच, हेल्मेट, बाहेर पडण्याचा मोकळा मार्ग मागण्याचा हक्क मिळाला तो २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाना कायद्याच्या बळावर. बोटीतील प्रवाशालाही जॅकेट अशाच हक्काने मागता आले पाहिजे.

आपण काय करावे?

उजनीच्या काठावर, पंढरपूरला चंद्रभागेत किंवा कोकणच्या सहलीत, शर्यतीच्या नियमावलीतील पुढील गोष्टी आपल्याला विनाखर्च पाळता येतात.

पहिली, जॅकेट पाण्यात उतरल्यावर घालता येत नाही. ते बोटीत पाय ठेवण्यापूर्वी अंगावर असावे, पट्टे आवळलेले असावेत. बाकाखाली ठेवलेले जॅकेट नसल्यासारखेच. मुलांना त्यांच्या मापाचे जॅकेट हवे. मोठ्यांचे जॅकेट लहान मुलाच्या अंगातून वर निघून जाते.

दुसरी, बोटीला तळाशी जड वजन नसते. शर्यतीची नौका कलली तर परत उभी राहते, आपली प्रवासी बोट राहत नाही. म्हणून सर्वांनी एका बाजूला जाऊ नये, उभे राहू नये, आणि बोट भरलेली दिसली तर पुढच्या फेरीची वाट पाहावी.

तिसरी, एप्रिल–मे महिन्यांत दुपारनंतर वळवाची वावटळ काही मिनिटांत उठते. जलाशयाच्या मोकळ्या पाण्यावर तिला अडवायला झाड नाही की डोंगर नाही. आकाश काळवंडले, वारा एकाएकी पडला किंवा थंड झाला, तर काठ सोडू नये. हवामान विभागाचा इशारा मोबाइलवर येतो. तो वाचण्याची सवय लावावी.

चौथी, बोट उलटली आणि तरंगत असली तर तिला धरून राहावे. काठ दिसतो त्यापेक्षा दूर असतो. फास्टनेटच्या नाविकांनी हा धडा पंधरा मृत्यूंनंतर शिकला.

पाचवी, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची, निघण्यापूर्वी नोंद. कोण जात आहेत, किती जण, कोणत्या बोटीने, किती वाजता पोचणार, हे काठावरील एका माणसाकडे कागदावर असावे आणि वेळ उलटली तर त्याने कोणाला फोन करायचा हे ठरलेले असावे. समुद्रात संकट आल्यास तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक आहे. जमिनीवरून ११२ लावता येतो. शाळेच्या सहलीत शिक्षकांनी मुलांची हजेरी बोटीत चढताना आणि उतरताना, दोन्ही वेळा घ्यावी.

आपल्या शाळेचे अनेक माजी विद्यार्थी आज ग्रामपंचायतींत, शासकीय कार्यालयांत, कारखान्यांत जबाबदारीच्या जागी आहेत. ज्यांची गावे भीमेच्या वा उजनीच्या काठावर आहेत, त्यांनी येत्या ग्रामसभेत एवढेच विचारावे : आपल्या धक्क्यावरून सुटणाऱ्या बोटीची नोंदणी आहे का, तिच्यात किती माणसांना परवानगी आहे आणि तेवढी जॅकेटे आहेत का? उत्तर इतिवृत्तात लिहून घ्यावे. पुढच्या ग्रामसभेत तेच पान पुन्हा उघडावे.